झुब्र रणगाड्याचा शोध

पेलागिया मावशीच्या नामदिनाला, म्हणजे तिच्या नावाच्या संताच्या सणादिवशी, बोगुमिल कोर्दास फुलांच्या गुच्छाबरोबर स्वतःचा छापून आलेला लेखही घेऊन गेला, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. नुसती फुलं नेली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

बोगुमिल ग्रुजोंझ शहरात दातांच्या कवळ्या बनवतो. हात अतिशय नेटका. त्याच्या कवळीने लोक अक्रोड फोडतात. पण घरात त्याला तसा मान नाही, कारण तो बोलायला लागला की रणगाड्यांवर बोलतो. तेही साध्या रणगाड्यांवर नाही. साधे रणगाडे कुणालाही माहीत असतात. कम्युनिस्ट राजवटीत आपल्या सैन्याने गुपचूप आखलेले, एखादाच नमुना बनवून मोडीत काढलेले, ज्यांची आज कुठे खिळासुद्धा शिल्लक नाही असे रणगाडे म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्याची बायको एव्हेलिना तर पाहुण्यांना दारातच सांगून ठेवते, "हवामानावर बोला, राजकारणावर बोला, पण त्याला काही विचारू नका."

मान होता तो विस्मृत रणगाडा संशोधन मंडळात. तिथे बोगुमिल आला की लोक सरकून जागा द्यायचे. त्या जागेसाठीच तर तो जगत होता म्हणा ना.

वसंतात त्याला जुन्या बाजारात एक फोटो मिळाला. फोटोत एक कुंपण, एक शिपाई, आणि त्याच्यामागे एक रणगाडा, ज्याचं नाव जगातल्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं! बोगुमिलची झोप उडाली. कवळ्या बाजूला पडल्या, गिऱ्हाइकं बोळक्या तोंडाने वाट बघत राहिली, आणि याने भिंग लावून फोटोतला कण न् कण टिपला. रणगाड्याला त्याने स्वतःच ‘झुब्र’ असं नाव दिलं. झुब्र म्हणजे आपल्या जंगलातला रानगवा. मंडळाच्या मासिकाने लेख पहिल्या पानावर घेतला. मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त कर्नल रेमिगिउश त्शास्का यांनी तर फोन करून सांगितलं, "कोर्दाससाहेब, येत्या वार्षिक सभेतलं मुख्य भाषण तुमचं."

तर तो लेख घेऊन तो मावशीकडे गेला. मावशी एव्हेलिनाची, पण कान उपटायची दोघांचेही. जेवण झालं, खसखशीचा केक कापला गेला, आणि बोगुमिलने मासिक हळूच मावशीच्या बशीशेजारी सरकवलं.

मावशीने चष्मा लावला. "अगं बाई! हा तर आमच्या कारखान्याचा!"

"मावशी, तुम्ही टॉफीच्या कारखान्यात होतात," बोगुमिल समजुतीने म्हणाला.

"मग? टॉफीच्या कारखान्याचाच आहे हा. एक मेच्या, कामगारदिनाच्या मिरवणुकीतला. त्या वर्षी वरून हुकूम आला होता, प्रत्येक कारखान्याने शांततेच्या रक्षणावर काहीतरी करून दाखवायचं. बेकरीवाल्यांनी पावाचं कबूतर केलं. आम्ही रणगाडा केला. माल पोचवायच्या ट्रकला प्लायवूड ठोकलं आणि वरून हिरवा रंग फासला. आत मी बसले होते."

"आत? आत कशाला?"

"टॉफ्या कोण फेकणार, तुझा बाप?"

एव्हेलिना केकचा तुकडा तोंडात तसाच ठेवून बघत राहिली. बोगुमिलने मासिक आपल्याकडे ओढलं. आवाज जरा चढलाच होता त्याचा. "मग ही बाजूची भोकं? विषारी वायूपासून बचावाची यंत्रणा आहे ती. सरळ दिसतंय!"

"श्वास घ्यायची भोकं आहेत ती. रंग ओला होता, मला भोवळ येत होती."

"तोफेचं तोंड एवढं रुंद का मग? क्षेपणास्त्र सोडायलाच ना?"

"सांडपाण्याचा पाइप तो. बारीक मिळाला नाही. त्या काळात मिळत होतं काय?"

"हा बुरुजाभोवतीचा पांढरा पट्टा?"

"रिबीन. पॅकिंग विभागातली."

बोगुमिलने शेवटचा आधार धरला. फोटोतल्या शिपायावर बोट ठेवून तो म्हणाला, "याच्या चेहऱ्याकडे बघा. केवढा ताण आहे! मी दोन परिच्छेद लिहिलेत या ताणावर. कसलं तरी भयंकर गुपित माहीत असलेला माणूस आहे हा."

मावशीने फोटो डोळ्यांजवळ नेला आणि तिचा चेहरा एकदम मवाळ झाला. "गालात टॉफी आहे त्याच्या. मीच नेम धरून मारली होती. दिसायला चांगला होता मेला."

बोगुमिलने मासिक कोटाच्या आत लपवून घरी आणलं. मंडळात आता आपली काय छी थू होणार हे त्याला लख्ख दिसत होतं. वर्षानुवर्षं कमावलेलं नाव ट्रक, पाइप आणि रिबिनीत गेलं! एव्हेलिनाला त्याची कीव आली. ती म्हणाली, "हे बघ, दुसऱ्या कुणी शोधून काढण्याआधी तूच सांगून टाक. चार दिवस हसतील, मग विसरतील."

त्याला ते पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कर्नलना फोन लावला. "कर्नलसाहेब, फार मोठी चूक झाली हो. झुब्र खरा नाही. तो प्लायवूडचा होता. माझ्या मावससासूबाई आत होत्या."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग कर्नल दबक्या आवाजात म्हणाले, "फोनवर नको." आणि फोन ठेवला.

इथे आमच्या लोकांची एक सवय सांगायला हवी. ज्यांनी ती राजवट पाहिली आहे, त्यांना ‘नाही’ हा शब्द ‘आहे’ असाच ऐकायची सवय जडली आहे. साखरेची मुळीच टंचाई नाही असं रेडिओवर सांगितलं की आमच्या आया पिशवी घेऊन रांगेत पळायच्या. अमका मंत्री ठणठणीत आहे असं छापून आलं की लोक शोकाचे काळे कपडे धुवायला काढायचे. राजवट जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सवय काही जात नाही. पोरांनीही ती आईबापांकडून घेतली आहे.

त्यामुळे झुब्र नव्हताच, असं खुद्द बोगुमिल म्हणतो आहे, ही बातमी मंडळात पसरली आणि सगळ्यांची खात्रीच पटली. आदल्या आठवड्यापर्यंत निम्म्या लोकांना शंका होती. आता एकालाही उरली नाही.

त्याच आठवड्यात मंडळाचे दोन सभासद मावशीच्या दारात लाल कार्नेशनचा गुच्छ घेऊन उभे राहिले. एकाचं नाव गावरोन्स्की, दुसऱ्याचं मिशाक. दोघांनी वाकून मावशीच्या हाताचं चुंबन घेतलं. मावशीचा हात कित्येक वर्षांत असा कुणी घेतला नव्हता. तिने लगेच चहा टाकला आणि बोगुमिलला बोलावून घेतलं.

"पेलागियाबाई," गावरोन्स्की हळुवारपणे म्हणाला, "गुपित पाळायला तुम्ही कशावर सही केली होती ते आम्ही विचारणार नाही."

"सही? हजेरीवर करायचो की रोज."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"अहो, तो प्लायवूडचा होता," मावशी म्हणाली. "साधं प्लायवूड! हाताने वाजवला तर टकटक वाजायचा."

मिशाक खुर्चीतून अर्धा उठला. "म्हणजे धातू नव्हताच? गावरोन्स्की, ऐकलंस? रडारला दिसणारच नाही! साठीच्या दशकात!"

"अहो, रडार कसलं," बोगुमिल कळवळून म्हणाला, "टॉफ्या फेकायचे त्यातून!"

गावरोन्स्कीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कोर्दाससाहेब, आम्ही समजतो. तुम्हाला असंच बोलायला सांगितलं असणार. तुम्ही असंच बोलत राहा."

त्यानंतर बोगुमिलच्या हातात काही राहिलं नाही. मंडळाच्या संकेतस्थळावर साक्षीदार उगवायला लागले. ग्दिन्याच्या एका गृहस्थाने लिहिलं, की त्याच्या मेहुण्याने झुब्रला जंगलात रात्रीच्या सरावात पाहिलं होतं आणि त्याचा अजिबात आवाज होत नव्हता. दुसऱ्याने लिहिलं, आवाज व्हायचा पण वेगळाच. तिसऱ्याने झुब्रला नदीत पोहताना पाहिलं होतं. बोगुमिलने प्रत्येकाला सभ्यपणे उत्तर दिलं, की असा रणगाडा नव्हता. त्याच्या प्रत्येक उत्तराखाली लोक लिहायचे, "धीर धरा, कोर्दाससाहेब. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत."

शेवटी त्याने ठरवलं, वार्षिक सभेत सगळ्यांसमोर उभं राहून सोक्षमोक्ष लावायचा. साक्षीला मावशीला न्यायचं, सोबत एव्हेलिनाला. मंडळातून नाव गेलं तरी चालेल, पण खोट्यावर मिळालेली खुर्ची नको. मनाचा सच्चा होता बिचारा. कवळीसुद्धा केसभर सैल झाली तर तो परत मागवून घ्यायचा.

सभा अग्निशमन दलाच्या सभागृहात होती. बाहेर बंब, आत लांब टेबलांवर मुरवलेले हेरिंग मासे आणि सॅलड. हॉल खचाखच भरला होता. भिंतीवर झुब्रचा फोटो एवढा मोठा करून लावला होता की शिपायाच्या गालातली टॉफी आंधळ्यालाही दिसावी. पण ती कुणाला दिसत नव्हती.

बोगुमिल उठला. "मित्रहो, मी तुमची फसवणूक केली. जाणूनबुजून नाही, पण केली. झुब्र नावाचा रणगाडा कधीच नव्हता. तो एक मेच्या मिरवणुकीचा ट्रक होता. ही तोफ म्हणजे सांडपाण्याचा पाइप आहे. ह्या पेलागियाबाई, यात बसून टॉफ्या फेकत होत्या. तुम्ही हवं तर मला काढून टाका, पण माझ्यावर विश्वास ठेवा!"

मग मागच्या बाजूला एका म्हाताऱ्याने नाक शिंकरलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "अजूनही दबाव आणतात हो लोकांवर," तो म्हणाला. "इतकी वर्षं झाली, अजूनही!"

कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. बघता बघता सगळा हॉल उभा राहिला. गावरोन्स्की ओरडला, "असा निर्भय माणूस आपला अध्यक्ष हवा!" आणि हात असे भराभर वर गेले, की मोजायची गरजच पडली नाही. तिकडे मावशीपुढे माणसांची रांग लागली होती. एकेक जण वाकून तिच्या हाताचं चुंबन घेत होता आणि ती प्रत्येकाला "अहो, कशाला, कशाला" म्हणत दुसरा हातही पुढे करत होती.

बोगुमिल पळत कोट ठेवायच्या खोलीत गेला. तिथे कर्नल त्शास्का आरामात मफलर गुंडाळत उभे होते. पद गेल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर औषधालाही नव्हतं.

"कर्नलसाहेब, निदान तुमचा तरी विश्वास आहे ना? तो ट्रकच होता हो!"

"पूर्ण विश्वास आहे," कर्नल म्हणाले. "पाइप तर मी लेख वाचतानाच ओळखला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

कर्नलनी इकडेतिकडे पाहिलं. "माझा ‘व्हिद्रा’ माहीत आहे ना तुम्हाला?"

"पाण्याखालून चालणारा रणगाडा? अहो, त्यावर मी स्वतः लेख लिहिलेत!"

"वाचलेत ना. फार सुरेख होते. व्हिद्रा म्हणजे तळ्यातला गाळ काढायचं यंत्र होतं. माझी चूक माझ्या लक्षात आली, तेव्हा मीही असाच उभा राहून सगळं कबूल केलं. लोक रडले. मला अध्यक्ष केलं."

बोगुमिलला बसायला काही मिळेना, म्हणून तो कोटांनाच टेकला. "आणि तुम्ही गप्प राहिलात?"

"गप्प कुठला! दर वर्षी सांगतो. दर वर्षी एकमताने निवडून येतो. आज सुटलो बघा." कर्नलनी त्याचे दोन्ही हात घट्ट धरले. "तुमचे उपकार कसे फेडू, कोर्दाससाहेब? बागेतले गुलाब कधीचे छाटायचे राहिलेत. आणि हे बघा, सुरुवातीला जीव तुटतो. मग होते सवय."

परतताना गाडी बोगुमिल चालवत होता. मावशी पुढच्या सीटवर मांडीवर फुलं घेऊन बसली होती, एव्हेलिना मागे. बोगुमिलला एवढाच दिलासा होता, की काहीही झालं तरी खरं काय ते जाणणारी एक बाई त्याच्या शेजारी बसली आहे. ती आत होती. तिने रंगाचा वास घेतला होता. ती आहे तोवर जगात खरं शिल्लक आहे.

"मावशी," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी आपण दोघं पुन्हा सांगू."

मावशीने फुलांवरून हात फिरवला. "तसं बघायला गेलं तर, बोगुश, ट्रकचा सांगाडा लोखंडाचाच होता."

"मावशी!"

"आणि मिरवणुकीच्या आदल्या दिवशी कारखान्यात दोन अनोळखी माणसं आली होती. आता आठवतंय मला. कुणाशी बोलली नाहीत. नुसती तोफेकडे बघत होती."

"रंगारी असतील, मावशी! रंगारी होते ते!"

"रंगारी एवढे गप्प कुठे असतात?"

बोगुमिलने मदतीसाठी आरशातून मागे एव्हेलिनाकडे पाहिलं. ती दोन्ही सीटच्या मधून मान पुढे काढून कान देऊन ऐकत होती.

"तू पुढे बघून गाडी चालव," ती म्हणाली, "मावशीला आठवू दे."

बोगुमिल पुढे बघून गाडी चालवत राहिला.