गिरणीपाशी, शनिवारी चार वाजता

या उन्हाळ्यात अख्खी गल्ली आपल्या दारात आणून दाखवतो, असं पास्टर शेखर यांनी मंडळीला सांगितलं तेव्हा वीज गेलेली होती, पंखा बंद होता आणि विरोध करायची ताकद कुणातच उरली नव्हती. मंडळी म्हणजे तरी केवढी? अकरा कुटुंबं. नाशिकरोडला एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत दीड वर्षापूर्वी हे चर्च सुरू झालं. शेजारपाजारचे जे कुणी आत डोकावले, ते दळणाचा डबा घेऊन आले आणि गिरणी बंद झाल्याचं कळताच कुरकुरत परत गेले.

बेत साधा होता. मे महिन्यातल्या शनिवारी दारात मांडव घालायचा, येईल त्याला कैरीचं पन्हं द्यायचं, दोन गाणी म्हणायची आणि शेखर यांनी दहा मिनिटं बोलायचं. पत्रकाची ओळ त्यांनी स्वतः लिहिली : 'जीवनाचं पाणी, सर्वांना मोफत. शनिवारी दुपारी चार वाजता, गिरणीपाशी.' त्यांच्या बायकोने, आशाने, ती दोनदा वाचली आणि पन्ह्याचा उल्लेख राहिलाय असं सुचवलं. तेव्हा त्यांनी तिला पाणी या शब्दाचा आत्मिक अर्थ समजावून सांगितला.

त्या आठवड्यात नळाला तीन दिवस थेंब आला नाही.

शनिवारी दोन वाजताच रांग लागली. हंडे, कळशा, बादल्या, रंगाचे रिकामे डबे. एकीने तर तान्ह्या मुलाचा टब आणला होता. रांग रेशनच्या दुकानाला वळसा घालून पलीकडच्या गल्लीत गेली. बंदोबस्त समोरच्या इमारतीतल्या वत्सलाबाईंकडे होता. नवरा वारल्यापासून त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या, पण गल्लीतलं कुठलंही भांडण त्यांच्याशिवाय मिटत नसे.

शेखर पन्ह्याचं पातेलं घेऊन बाहेर आले आणि जागीच थबकले. हे पाणी तसलं नाही, हे आत्म्याची तहान भागवणारं आहे, असं त्यांनी सांगून पाहिलं.

"कुठल्या का विहिरीचं असेना, आम्ही गाळून घेऊ," वत्सलाबाई म्हणाल्या. "टँकर किती वाजता येतोय तेवढं सांगा."

शेखर यांनी रांगेकडे पाहिलं. ही माणसं आज रिकामी परत गेली असती तर चर्चवाले खोटारडे, हा शिक्का कायमचा बसला असता. त्यांनी मनोजला फोन लावला. मनोज मंडळीतलाच, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला. त्याच्या सासऱ्यांची सिन्नर रस्त्याला विहीर होती आणि ट्रॅक्टरला जोडायचा टँकरही. पाणी घेऊन मनोज पोचला तेव्हा पावणेसहा झाले होते. तोवर पन्हं संपलं होतं आणि आशाने तीच दोन गाणी पाच वेळा म्हटली होती. तुम्हाला दुसरं काही येत नाही का, असं रांगेतून विचारूनही झालं होतं.

टँकरच्या पाइपाला तोटीच नव्हती. शेखर यांनी पाइप दोन्ही हातांनी मुडपून धरला आणि माणशी एक हंडा, माणशी एक हंडा, असं ओरडत भरायला सुरुवात केली. मध्ये घुसणाऱ्यांना त्यांनी हात जोडूनही पाहिले, पण हात जोडले की पाणी सुटायचं. टँकर आटला तेव्हा त्यांचा घसा पार बसला होता आणि खिशातल्या प्रवचनाच्या कागदाचा लगदा झाला होता.

दुसऱ्या दिवशी उपासनेला मागच्या रांगेत वत्सलाबाई बसलेल्या दिसल्या. गल्लीतलं पहिलं माणूस! शेखर यांना भरून आलं. ते अर्धा तास जीव तोडून बोलले, पण नुसती हवा बाहेर येत होती; दुसऱ्या बाकापलीकडे कुणाला काही ऐकू गेलं नाही.

प्रार्थना संपल्यावर वत्सलाबाई पुढे आल्या. "काल सगळ्यांचं झालं," त्या हळूच म्हणाल्या, "माझाच हंडा राहिला."

आशाने चहासाठी ठेवलेल्या पिंपातून एक हंडा भरला. वत्सलाबाईंचे दुखरे गुडघे पाहून तो शेखर यांनी स्वतःच खांद्यावर घेतला. दोन मजले चढून झाल्यावर वत्सलाबाई वळल्या.

"काल तुम्ही आम्हाला काहीतरी सांगणार होता ना? ते राहूनच गेलं. काय होतं ते?"

याच प्रश्नाची त्यांनी दीड वर्ष वाट पाहिली होती. त्यांनी तोंड उघडलं. आवाज आधीच गेला होता, आता दमही उरला नव्हता.

वर पोचल्यावर वत्सलाबाईंनी हंडा उतरवून घेतला, त्यांना खुर्चीत बसवलं आणि त्यातल्याच पाण्याचा पेला भरून हातात दिला. शेखर यांनी तो एका दमात रिकामा केला आणि मुकाट्याने पुन्हा पुढे धरला.