खेडशीला ऊन, हातखंब्याला पाऊस

भागोजी पाष्टे मुंबईत साबणाच्या कारखान्यात फिटर होता आणि धावण्याचं त्याला वेड होतं. पण दुसऱ्या गावाला जाऊन धावायचं म्हटलं की हवामान त्याच्याशी वैर धरायचं. नाशिकला थंडी असेल म्हणून तो स्वेटर घालून धावला, तर तिथं असं ऊन पडलं की निम्म्या वाटेवर त्याला झाडाखाली आडवं करावं लागलं. पुढच्या वर्षी महाबळेश्वरला तो शहाणा होऊन पातळ बनियनवर गेला. तिथं निम्म्या वाटेवर दातखीळ बसली आणि लोकांनी त्याला चहाच्या टपरीतल्या शेगडीजवळ नेऊन बसवलं. तेव्हापासून कारखान्यात त्याला 'निम्मे पाष्टे' म्हणू लागले. फोरमनसुद्धा म्हणायचा, "निम्मे, तो पाना द्या इकडे."

म्हणून पंच्याऐंशी साली रत्नागिरीत मॅरेथॉन होणार असं कळलं, तेव्हा भागोजीच्या अंगात वारं शिरलं. मारुती मंदिरापासून कुवारबाव, खेडशी, हातखंबा करत पालीपर्यंत जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं. हा तर त्याचा मुलूख. धाकटी बहीण मथुरा खेडशीत रस्त्यालगत राहत होती आणि तिच्या नवऱ्याचं, रावजीचं, हातखंब्याच्या नाक्यावर चहाचं दुकान होतं.

"तिकडचं हवामान मला विचारा," त्यानं जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितलं. "ढग कुठून उठतो आणि कुठं पडतो, माझ्या घरातल्या माणसासारखं माहीत आहे."

हे सांगताना आपण मिसरूड फुटायच्या आत मुंबईला आलो आणि त्यानंतर गावाला फक्त गणपतीला जातो, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही.

स्पर्धा ऑक्टोबरच्या शेवटी होती. कोकणात तेव्हा भात कापायला आलेलं असतं, ऊन डोकं फोडतं आणि मधेच परतीचा पाऊस कुणालाही न विचारता पडून जातो. भागोजीनं यावर तोड काढली होती. आदल्या संध्याकाळी त्यानं मथुरेच्या ओटीवर दोन गाठोडी मांडली. एक पावसाचं. त्यात रेनकोट, कोरडी बनियन, मोजे आणि आल्या-गवती चहाच्या काढ्यासाठी थर्मास. दुसरं उन्हाचं. त्यात पांढरी टोपी, भिजवायचा पंचा, कोकमाच्या सरबताची बाटली आणि चक्कर आली तर हुंगायला कांदा.

"मथुरे, पावसाचं गाठोडं घेऊन तू इथं खेडशीला उभी राहा. भावजी, उन्हाचं घेऊन तुम्ही हातखंब्याला. जाताना-येताना दोन्ही ठिकाणी मी येणारच."

रावजी हा विचार करून बोलणारा माणूस होता. दुधात पाणी किती घालावं यावरसुद्धा तो विचार करी. तो म्हणाला, "पाव्हणं, हातखंब्याला पाऊस पडत आसंल तर माजं गाठोडं काय कामाचं?"

"आनि हितं ऊन आसंल तर माजं?" मथुरा म्हणाली.

भागोजीनं दोन्ही गाठोड्यांकडे आळीपाळीनं बघितलं. मग म्हणाला, "डोकं चालवायचं. जिथं जे लागेल तिथं ते गेलं पाहिजे. एवढं काय त्यात?"

इथंच घात झाला.

सकाळी स्पर्धा सुटली तेव्हा मथुरा काढ्याचा थर्मास भरून खेडशीच्या रस्त्यावर उभी होती. वर आभाळ धुतलेल्या ताटासारखं लख्ख. पण हातखंब्याच्या अंगाला काळंकुट्ट झालेलं. तिनं डोकं चालवलं. पाऊस तिकडे आहे, रेनकोट इकडे आहे, दादा भिजणार. हातखंब्याकडे जाणारी एसटी आली, तिनं हात केला आणि ती चढली.

त्याच वेळी हातखंब्याला रावजी धो धो पावसात आपल्या दुकानाच्या वळचणीला उभा होता. हातात सरबत आणि कांदा. त्यानं खेडशीकडे बघितलं, तर तिकडे पिवळं धम्मक ऊन. त्यानंही डोकं चालवलं, दुकान शेजाऱ्यावर सोपवलं आणि रत्नागिरीची एसटी पकडली.

वाटेत दोन्ही गाड्या एकमेकींच्या शेजारून गेल्या. नवरा एका खिडकीत, बायको दुसऱ्या गाडीच्या खिडकीत. दोघंही आभाळाकडे बघत होती.

भागोजी कुवारबाव सोडून खेडशीजवळ आला आणि पावसानं त्याला गाठलं. असा पाऊस, की डोळ्यांपुढचा रस्ता दिसेना. मथुरेचं घर जवळ आलं म्हणून त्यानं हात पुढे केला, तर त्या हातात गार पंचा पडला.

"भावजी? तुम्ही इथं कसे?"

"ऊन हुतं हितं," रावजी म्हणाला. तोही नखशिखान्त भिजला होता. "मी पाऊस तिकडं सोडून आलो, तर तो माज्या मागनं आला."

"मथुरा कुठाय?"

"घरात नाय. तुमच्याकडं आली नाय?"

"माझ्याकडे कशी येईल? मी धावतोय."

रावजीनं कर्तव्य म्हणून त्याच्या डोक्यावर टोपी घातली आणि पंचा गळ्यात गुंडाळला. "सरबत घ्या थोडं."

"तुम्ही आधी हातखंब्याला परत जा," भागोजी कुडकुडत म्हणाला आणि निघाला.

हातखंब्याला पोचेपर्यंत पाऊस मागं राहिला. ओल्या डांबरावर ऊन असं पडलं होतं की रस्त्यातून वाफा येत होत्या, जणू कोणी तांदूळ शिजत घातलाय. भागोजीची जीभ टाळूला चिकटली होती. सरबत, सरबत असं मनात म्हणत तो नाक्यावर आला, तर रावजीच्या दुकानापुढे मथुरा रेनकोट पसरून उभी.

"दादा, आधी हा काढा घे. गरम हाय."

त्यानं घेतला. तहान एवढी होती की उकळतं तेलही घेतलं असतं. घोट पोटात गेला आणि अंगातून घामाच्या धारा लागल्या.

"तू इथं का?"

"पाऊस हुता ना हितं."

"भावजी तिकडे आहेत."

"तिकडं काय करतायत?"

"ऊन होतं म्हणून गेले."

मथुरेनं भावाकडे काळजीनं बघितलं. तिला वाटलं, धावून याच्या डोक्यावर परिणाम झाला. "मंग मी काय करू?"

"तू घरी जा. आता पाऊस येत नाही," भागोजीनं सांगितलं.

पालीत हवा सुरेख होती. ऊन कोवळं, वारा मंद. त्यामुळं अर्थातच तिथं त्याच्यासाठी कोणी उभं नव्हतं. तो वळला आणि परत हातखंब्याला आला तेव्हा नाक्यावर पाऊस कोसळत होता आणि दुकानात रावजी उन्हाचं गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता.

आता भागोजीनं ठरवलं की कोणावर विसंबायचं नाही. "ते गाठोडं माझ्या पाठीला बांधा. पुढं ऊन लागलं तर माझं मी बघीन. आणि तुम्ही आता इथून हलू नका."

रावजीनं गाठोडं बांधलं, पण त्याला राहवेना. मेव्हणा असा भिजत जाणार आणि आपण छपराखाली बसणार, हे बरं दिसत नाही. दुकानाच्या मागं त्याचं शेतातलं इरलं टांगलेलं होतं. बांबूच्या काड्यांचं, वर पानं लावलेलं, लावणीच्या वेळी डोक्यापासून कमरेपर्यंत घ्यायचं ते. त्यानं ते भागोजीच्या डोक्यावर चढवलं आणि दोरीनं छातीशी बांधलं. भागोजी नको म्हणत होता, पण पाऊस लागायचा थांबला आणि त्याला बरं वाटलं. तो तसाच निघाला. पाठीवरचा नंबर गाठोड्याखाली गेला आणि गाठोडं इरल्याखाली. मागून बघणाऱ्याला एक खोपटं कुठंतरी घाईनं चाललंय असं दिसत होतं.

इकडे खेडशीला मथुरेनं हातखंब्यावर पुन्हा काळं आभाळ बघितलं आणि पुन्हा एसटी पकडली. इरल्याखालचा माणूस वाटेत तिला दिसला, पण तो भाऊ असेल असं तिच्या मनात आलं नाही. नाक्यावर तिला नवरा भेटला.

"दादा कुटं हाय?"

"आत्ताच गेलं. इरलं दिलं मी त्यांना."

"त्याच्या खाली दादा हुता? आनि आता तिकडं परत ऊन हाय. इरल्यात उकडून मरंल तो. चला."

रावजी म्हणाला, "पाव्हण्यांनी हलू नका म्हनून सांगितलंय." पण मेव्हण्याचं ऐकावं की बायकोचं, हा प्रश्न हातखंब्याला फार वेळ चालत नाही. दोघंही रत्नागिरीच्या गाडीत चढली.

खेडशीच्या अलीकडे त्यांना तो दिसला. रणरणत्या उन्हात इरलं हलत होतं. भागोजीला ते काढून टाकायचं होतं, पण रावजीनं गाठ अशी मारली होती की ती फक्त रावजीलाच सुटली असती.

"ओ कंडक्टर, थांबवा गाडी. माजा भाव धावतोय," मथुरा म्हणाली.

कंडक्टर भला माणूस होता. अंगावर ओझं घेऊन गाडीच्या पुढं धावणारा माणूस म्हणजे चुकलेला प्रवासी, हे त्यानं नोकरीत रोज बघितलं होतं. त्यानं घंटी मारली, दार उघडलं आणि भागोजीचा दंड धरून त्याला आत ओढलं. इरलं दारात अडकलं, काड्या मोडल्या, पानं रस्त्यावर पडली. आतल्या दोघातिघांनी मदत केली आणि गाडी सुटली.

"मला उतरवा, मी स्पर्धेत आहे," भागोजी म्हणाला.

"सगळेच स्पर्धेत आहेत. पुढं सरका."

"अहो, मला धावायचंय."

"आता बसायला मिळालंय तर धावता कशाला?" बकुळा नावाची एक मासेविक्री करणारी बाई रिकाम्या पाटीशेजारी बसली होती, ती म्हणाली. इरल्याची एक काडी तिच्या कानाला लागत होती. "आणि हे घर बाजूला घ्या आधी."

गर्दीतून कुठूनतरी मथुरेचा हात पुढं आला. हातात काढा होता.

ड्रायव्हरला उशीर झाला होता. कुवारबाव येईपर्यंत गाडी थांबली नाही. तिथं तिघंही उतरली. रावजीनं गाठ सोडली. भागोजी रस्त्याच्या कडेला उभा राहून मारुती मंदिराच्या दिशेनं बघत राहिला. जवळच होतं. मागं दूरवर कोणी धावणारा दिसत नव्हता.

"कोनी बघितलं नाय दादा," मथुरा हळूच म्हणाली. "धाव की पुढं."

भागोजीला एकदम रडूच आलं. इतकी वर्षं कुठं ऊन आडवं आलं, कुठं थंडी. आज पाय चालत होते, दम होता, आणि मधला तुकडा एसटीनं खाल्ला होता. हा तुकडा टाकून तो मारुती मंदिराला पोचला असता, तर जगाला कळलं नसतं. पण धावणाऱ्याला आपण कुठं कुठं पाय टेकले ते ठाऊक असतं.

"हे सगळं घेऊन घरी जा," तो म्हणाला. "दोघंही. एकाच गाडीनं." आणि तो उलटा, खेडशीकडे धावायला लागला.

थोडं पुढं गेल्यावर स्पर्धेची जीप समोरून आली. त्यात दादू मास्तर होते. शाळेत कवायत शिकवायचे आणि मागं राहिलेल्यांना गोळा करण्याचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी जीप थांबवली.

"अहो, सगळे परत आले आणि तुम्ही अजून पालीला जाताय? बसा आत."

"मी पालीला जाऊन आलोय."

"मग परत का चाललात?"

"बसमध्ये बसलो म्हणून."

"म्हणजे पालीला बसनं जाऊन आलात?"

"नाही. पालीला धावत गेलो. परत येताना बसनं उचललं. मी इरल्यात होतो."

 मास्तरांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. "ऊन फार आहे आज."

भागोजीनं तिथंच रस्त्यावर उभं राहून सगळं पहिल्यापासून सांगितलं. गाठोडी, आभाळ, बहीण, भावजी. जितकं सांगावं तितकं ते खोटं वाटायला लागलं. शेवटी मास्तरांनी जीप वळवली आणि ते त्याच्या मागून हळूहळू चालले, धावतो म्हणतो तो खरंच धावतो का हे बघायला.

इरल्याची पानं पडली होती ती जागा सापडली. भागोजीनं तिथं पाय टेकला, वळला आणि मारुती मंदिराकडे निघाला. कुवारबावच्या पुढं आभाळ भरून आलं. ऊनही नाही, पाऊसही नाही, नुसतं मळभ आणि खाऱ्या पाण्याकडून येणारा वारा. त्याच्या अंगावर बनियन आणि चड्डी होती, आणि बाकी काही लागतही नव्हतं.

मारुती मंदिराजवळ मांडव उतरवत होते. शर्यत संपायच्या जागेची दोरी काढून गुंडाळलेली होती. मास्तरांनी जीपमधून उतरून ती पुन्हा उलगडली, एक टोक स्वतः धरलं, दुसरं ड्रायव्हरला दिलं, आणि भागोजी ती छातीवर घेऊन पार गेला.

"पूर्ण केलीत," मास्तर म्हणाले. "उलट जास्तच धावलात. पण नाव लावता येणार नाही. बसमध्ये बसलात."

"कोणी सांगितलं?"

"तुम्हीच."

भागोजीनं मान हलवली. त्याला फार वाईट वाटलं नाही. पाय मात्र लाकडाचे झाले होते.

संध्याकाळी मथुरेनं बांगड्याचं तिखलं आणि उकड्या तांदळाचा भात वाढला. भागोजी भिंतीला टेकून, पाय पसरून जेवला, आणि तिसऱ्यांदा भात मागितला तेव्हा बहिणीच्या जीवात जीव आला.  रावजीचा मात्र विचार चालला होता. हात धुऊन झाल्यावर तो म्हणाला, "पाव्हणं, चूक कुटं झाली ती कळली मला. आमी दोगं दोन ठिकानी हुतो. पुढच्या साली दोन्ही गाठोडी घेऊन एकाच जागी उभं राहू."

भागोजीला हे एकदम पटलं. इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचली कशी नाही, असं त्याला झालं.

"कुठं उभे राहाल?" त्यानं विचारलं.

रावजीनं ओटीवर जाऊन आधी हातखंब्याकडे बघितलं, मग रत्नागिरीकडे बघितलं, आणि बराच वेळ विचार करून तो म्हणाला, "ते त्या दिवशी हवामान बघून ठरवू."