काट्याखालचा डबा

सोमवारी सकाळी दहा वाजता काटेसाहेबांनी बूट काढले, पट्टा काढला, खिशातल्या किल्ल्या, पेन, रुमाल आणि एक वापरलेलं तिकीट टेबलावर ठेवलं, पोट जमेल तेवढं आत ओढलं आणि ते वजनमापे खात्याच्या मोठ्या काट्यावर चढले. पोट आत ओढल्याने वजन कमी होत नाही, हे अठ्ठावीस वर्षं काटे तपासण्यात घालवलेल्या माणसाला कळायला हवं. कळत होतंच. वळत नव्हतं.

"अठ्ठ्याण्णव किलो दोनशे ग्रॅम," सज्जनांनी आकडा वाचला. "सावकाश लिहा साहेब. घाई काय आहे? अजून तीन महिने आहेत."

सज्जन हे त्यांचं नाव नव्हे, ऑफिसने दिलेली पदवी. सज्जनांनी कुणाचं वाईट चिंतलेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं, कारण ते मनातल्या मनात चिंतत. काटेसाहेब हेही नाव नव्हे. पण बाजारातला एकही दुकानदार त्यांना दुसऱ्या नावाने ओळखत नसे. सील नसलेल्या काट्यावर त्यांचा देवाइतकाही विश्वास नव्हता, आणि देवावर तर फारसा नव्हताच.

भानगड अशी होती, की मुख्य निरीक्षकाची जागा रिकामी होणार होती. सेवाज्येष्ठतेने पहिला हक्क काटेसाहेबांचा आणि दुसरा सज्जनांचा. मात्र मुख्य निरीक्षकाला उंच टाक्यांवर शिडीने चढून मापं तपासावी लागतात, म्हणून त्याचं वजन नव्वद किलोच्या आत हवं असा नियम होता. खात्याच्या डॉक्टरीणबाई तीन महिन्यांनी तपासणी घेणार होत्या. काटेसाहेबांनी या खुर्चीसाठी अठ्ठावीस वर्षं वाट पाहिली होती आणि आता ती सव्वाआठ किलोंवर अडली होती. त्यांना त्या खुर्चीची इतकी आस लागली होती, की झोपेतही ते 'पुढची फाइल पाठवा' म्हणत. बायको म्हणायची, "पाठवते, पण आधी कूस बदला. गादी माझ्या बाजूला उचलली जाते."

दुसऱ्याच दिवसापासून सज्जनांना केक करण्याचा छंद लागला. आजवर या माणसाने घरी कधी चहाचं आधण ठेवलं नव्हतं. आता रोज अकराच्या सुमाराला त्यांच्या पिशवीतून एक गरम डबा निघायचा आणि लोण्याचा वास सरळ काटेसाहेबांच्या टेबलाकडे यायचा.

"घ्या ना साहेब, एवढासा तुकडा."

"नको."

"मी खातो, बघा. काही होत नाही." आणि सज्जन समोर उभं राहून, डोळे मिटून, अख्खा तुकडा खायचे. मग दुसरा. कुणाला मोहात पाडायचं तर आधी आपण खाऊन दाखवावं लागतं, या कामात ते कुठेही कसूर करत नव्हते.

काटेसाहेब मान खाली घालून नोटिसा लिहीत. त्या आठवड्यात त्यांनी बाजारात अकरा जणांवर खटले भरले. त्यातल्या एका बेकरीवाल्याचा गुन्हा एवढाच होता, की त्याच्या दुकानातून वास येत होता.

आठव्या दिवशी वजन सत्त्याण्णव आलं. आणि नवव्या दिवशी काटेसाहेब घसरले. बाजारातून परतताना त्यांनी बटर बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा घेतला. दिवसाला फक्त एक बिस्किट, तेही औषध म्हणून, असं त्यांनी स्वतःला बजावलं. आता प्रश्न डबा ठेवायचा. घरी बायको, टेबलाशी सज्जन, कपाटात फाइली. राहिली काट्याची खोली. तिथला मोठा काटा जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेला होता. वरचा लोखंडी पाटा बाजूने उचलला, की खाली चांगली वीतभर पोकळी. खोलीच्या किल्ल्या दोन. एक साहेबांकडे आणि दुसरी झाडलोट करणाऱ्या मावशींकडे.

काटेसाहेब चोर असले तरी जबाबदार चोर होते. डबा पाट्याला टेकला तर काटा चुकेल, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी खात्याची पोलादी पट्टी घेऊन खड्ड्यात डोकं घातलं आणि अंतर मोजलं. डबा आणि पाटा यांच्यात दोन बोटं जागा होती. समाधानाने त्यांनी पहिलं बिस्किट खाल्लं. दुसरं खाल्लं ते पहिलं नीट चाखलं नव्हतं म्हणून.

पुढच्या सोमवारी ते जीव मुठीत धरून काट्यावर चढले. आठवड्यात अर्धा डबा संपला होता.

"पंच्याण्णव," सज्जन म्हणाले आणि वाकून पुन्हा बघू लागले. "पंच्याण्णवच!"

काटेसाहेबांनी काटा शून्यावर आहे का पाहिलं. होता. रोज सकाळी रिकामा काटा शून्यावर बघून 'तपासला, बरोबर' अशी सही करायची पद्धत होती आणि ती सही सज्जनांचीच होती. शंकेला जागाच नव्हती.

"आता माझंही बघतो," म्हणत सज्जन चढले. महिन्याभराच्या शिध्याएवढे केक खाऊन त्यांचंही वजन उतरलेलं दिसलं. 'आपला बांधाच तसा आहे,' असं दोघंही मनात म्हणाले.

तिथून पुढे दोघांनाही धरबंध राहिला नाही. सज्जनांनी केकमध्ये सुकामेवा घालायला सुरुवात केली. काटेसाहेब समोर ठामपणे 'नको' म्हणायचे आणि पाच मिनिटांनी 'काट्याला तेल घालून येतो' म्हणून उठायचे. काट्याला दिवसातून चार वेळा तेल लागू लागलं आणि डबा बाजारातून पुन्हा पुन्हा भरून येऊ लागला. वजन मात्र त्र्याण्णव, मग एक्क्याण्णव, मग एकोणनव्वद. ऑफिसातले लोक येऊन विचारायचे, "साहेब, करता तरी काय?"

"संयम," काटेसाहेब मिशीवरचा चुरा झटकत सांगायचे. "दुसरं काही नाही."

घरी मात्र हा संयम कुणाला पटेना. विजारीचं बटण एका सकाळी उडालं ते थेट बायकोच्या चहाच्या कपात.

"अहो, ही विजार मागच्याच महिन्यात शिवली होती."

"शिंप्याने मापात मारलंय."

त्याच दुपारी त्यांनी शिंप्याची टेप जप्त केली. टेप अचूक निघाली. मग कापड आटतं असा निष्कर्ष निघाला. त्या रविवारी बायकोने त्यांना हाताला धरून न्हाणीघरातल्या छोट्या काट्यावर उभं केलं. काटा म्हणाला, शंभर.

"ह्याला सील आहे?" काटेसाहेबांनी विचारलं.

"तो आपला घरचा काटा आहे!"

"म्हणजे नाही." त्यांनी जागच्या जागी पंचनामा केला आणि काटा जप्त केला. साक्षीदार म्हणून बायकोची सही घेतली.

"काटा न्या," ती सही करत म्हणाली, "पण आरसा कधी जप्त करताय तेवढं सांगा. त्याचंही तुमच्याविषयी हेच म्हणणं आहे."

आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय माणसं मुलांना लावतात. काटेसाहेबांनी तो काट्यांना लावला होता.

तपासणीच्या दिवशी ते इस्त्रीचे कपडे घालून डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले. सोबत 'साक्षीला' सज्जन होते. डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी काट्याकडे बोट दाखवलं, काटेसाहेब चढले.

"एकशे एक."

"शक्यच नाही," काटेसाहेब म्हणाले. मग सवयीने खाली वाकले, कष्टाने वाकले, आणि काट्याची मागची बाजू बघून त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. "बाई, तुमच्या सीलची मुदत अकरा दिवसांपूर्वी संपली आहे. हा काटा मला जप्त करावा लागेल."

"माझे पेशंट बाहेर बसलेत."

"कायदा पेशंटसाठी थांबत नाही."

"बरं," डॉक्टरीणबाई उठत म्हणाल्या. "मग मीही येते. तपासायचा तर माझ्यासमोर तपासा, आणि लगेच."

काटा घेऊन तिघं ऑफिसात आले. मखमली पेटीतली प्रमाण वजनं निघाली. काटेसाहेबांनी हातमोजे घातले आणि बाईंच्या काट्यावर एकेक वजन ठेवलं. वीसला वीस, चाळीसला चाळीस, शंभरला शंभर. ग्रॅमचाही फरक नाही. काटेसाहेबांनी शून्य पुन्हा तपासलं. तरी ते म्हणाले, "हा ठीक असेल. पण आमच्या मोठ्या काट्यावर मी एकोणनव्वद भरतो. नोंद आहे, साक्ष आहे."

"तो कधी तपासला?"

"रोज तपासतो," सज्जन पुढे होऊन म्हणाले. "माझी सही असते."

"वजनं ठेवून?"

गावभरचे काटे तपासणाऱ्यांचा काटा वजनं ठेवून तपासायचा असतो, हे तिथे कुणाला सुचलंच नव्हतं. दिव्याखाली अंधार असतो. इथे तर काट्याखाली होता.

मोठ्या काट्यावर शंभर किलोंची वजनं ठेवली. आकडा आला अठ्ठ्याऐंशी.

"पाटा उचला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काटा चुकल्याचा धक्का वेगळाच, पण खाली काय आहे ते काटेसाहेबांना माहीत होतं. 'दोन बोटं जागा होती,' ते स्वतःशीच पुटपुटत राहिले, 'मी पट्टीने मोजली होती.' सज्जनांनी मोठ्या उत्साहाने पाटा उचलला. खाली डबा होता. डब्याखाली एक फरशीचा तुकडा होता आणि फरशीखाली जाड पुठ्ठ्याच्या तीन घड्या.

"अगं बाई, काढला वाटतं!" दारातून मावशींचा आवाज आला. हातात केरसुणी होती. "साहेब, मी खाली जरा उंचवटा केला होता. मुंग्या लागायच्या तुमच्या बिस्किटांना. आधी फरशी ठेवली. तरी यायच्या, मग पुठ्ठे घालत गेले. मधून मधून एकेक."

आता सगळं उघड झालं. रिकामा असताना पाटा डब्याला टेकता टेकता राहायचा, म्हणून काटा शून्यावर. माणूस चढला की पाटा किंचित खाली जाऊन डब्यावर बसायचा आणि साहेबांचा काही भार बिस्किटांचा डबा आपल्या अंगावर घ्यायचा. मावशी पुठ्ठा वाढवायच्या, साहेब हलके व्हायचे.

"पंचनामा करायला हवा," सज्जन गोड आवाजात म्हणाले. "काट्यात अडथळा म्हणजे गंभीर गुन्हा. माल कुणाचा लिहू या?"

मावशींच्या आता लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो. "माझाच आहे," त्या घाईघाईने म्हणाल्या. "साहेबांचा काही संबंध नाही. साहेबांना तर बिस्किट आवडतसुद्धा नाही."

काटेसाहेबांनी मावशींकडे पाहिलं आणि त्यांना मनापासून लाज वाटली. "राहू द्या, मावशी," ते म्हणाले. त्यांनी कागद ओढला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: मुद्देमाल, पत्र्याचा डबा एक, बटर बिस्किटांसह. मालक, स्वतः निरीक्षक. आयुष्यात काट्याच्या बाबतीत त्यांनी खोटं खाल्लं होतं, पण खोटं लिहिलं नव्हतं. खाली त्यांनी सही केली. अठ्ठावीस वर्षांची खुर्ची त्या सहीबरोबर गेली.

"फार वाईट वाटलं हो," सज्जन म्हणाले. वाईट वाटल्याने त्यांचे सगळे दात दिसत होते.

"पुढचा उमेदवार कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी," सज्जन म्हणाले आणि बूटही न काढता बाईंच्या काट्यावर चढले. तीन महिन्यांपूर्वी ते चौऱ्याऐंशी होते. त्यानंतर दर सोमवारी मोठ्या काट्याने त्यांना कमीच दाखवलं होतं आणि त्या भरवशावर त्यांनी साठ-पासष्ट केक 'खाऊन दाखवले' होते.

"त्र्याण्णव."

"बूट आहेत," सज्जन क्षीण आवाजात म्हणाले.

बूट काढले. ब्याण्णव.

"ह्याला सील..." सज्जनांनी सुरुवात केली.

"आत्ताच लावलंय," काटेसाहेब म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही नापास केलं आणि आणखी तीन महिन्यांची मुदत दिली. वरून हुकूम आला, की खुर्ची तोवर रिकामी राहील. शिवाय काट्याच्या प्रकरणाची चौकशी होईपर्यंत मुद्देमालाचा डबा सीलबंद करून दोघांच्या टेबलांच्या मधोमध ठेवावा, म्हणजे एकाची नजर दुसऱ्यावर राहील. आणि डब्याला कुणी हात लावला नाही ना, याची खात्री म्हणून दर सोमवारी त्याचं वजन करून नोंदवावं.

केक बंद झाले. काट्याचं तेल बंद झालं. दोघंही कोऱ्या चहावर समोरासमोर बसू लागले आणि जेवणाच्या सुट्टीत एकाआड एक दिवस 'मी थांबतो, तुम्ही या जाऊन' असं आग्रहाने म्हणू लागले. दर सोमवारी बूट काढून आधी काटेसाहेब चढायचे, मग सज्जन, आणि शेवटी डबा. काटेसाहेब शंभराखाली यायला तयार नव्हते. सज्जन नव्वदाखाली येत नव्हते. डबा मात्र पहिल्या सोमवारी दोन किलो शंभर भरला, दुसऱ्या सोमवारी एक किलो सातशे आणि चौथ्या सोमवारी अकराशे ग्रॅम.

सील जसंच्या तसं होतं. सील लावायची पक्कड ऑफिसात दोघांकडेच होती, एक काटेसाहेबांकडे आणि दुसरी सज्जनांकडे.

"काटा एकदा तपासून घ्यायचा का?" सज्जनांनी खिडकीबाहेर बघत विचारलं.

"नको," काटेसाहेब नोंद करत म्हणाले. "काटा आता अगदी बरोबर आहे."