शिऱ्याच्या चार बश्या

गुणाजीचं पत्र आलं तेव्हा गोदूबाई गहू निवडत होत्या. देवरूखपासून तासाभराच्या वाटेवरच्या त्या वाडीत रोज भात आणि नाचणीची भाकरी. गहू घरात यायचा तो सणाला नाहीतर पाहुण्यांसाठी. मुंबईहून लेक येणार म्हणून या वेळी चांगले चार किलो आणले होते. आणि त्याच लेकानं पत्रात लिहिलं होतं की, मोठ्या इस्पितळात नळी गिळायला लावून डॉक्टरांनी त्याचं दुखणं एकदाचं शोधलं. त्याच्या आतड्यांना गहू सोसत नाही. तेव्हा गव्हाचा कणसुद्धा नको, जन्मभर.

"गहू सोसत नाय?" गोदूबाईंनी सूप खाली ठेवलं. "हा कसला आजार?"

"अगो, भात सोसतो, भाकरी सोसते, मासळी सोसते. खाली लिवलान हाय," नवऱ्यानं, भागोजीनं, पत्र उन्हात धरून वाचलं.

"म्हणजे मुंबयसून आलेल्या पोराला मी नाचणीची भाकर घालू? वाडी काय म्हणेल?"

तरीही गुणाजी आला तेव्हा त्यांनी मन घट्ट केलं आणि एकही पोळी लाटली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून बांगडे आणले, मसाला लावला आणि खरपूस तळून लेकाच्या पानात वाढले. दुपार कलेपर्यंत लेक पडवीत पोट धरून आडवा झाला होता.

"आये, बांगड्याला काय लावलंस?"

"काय नाय रे, जरासा रवा."

"रवा गव्हाचाच असतो ना!"

"गव्हाचा असला म्हणून तो गहू झाला काय? रवा तो रवा!"

गुणाजीनं मग पडल्या पडल्याच आईला समजावलं. रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्कुटं, सगळी एकाच घरची माणसं. पोटात गेली की आतड्याला आतून सूज येते, आणि मग खाल्लेलं अंगी लागत नाही. गोदूबाई ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. आठ वर्षं पोरगा पत्रात पोट दुखतं म्हणून लिहीत होता, आणि आठ वर्षं त्या मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर त्याच्यासाठी रव्याचे लाडू पाठवत होत्या. त्यांना रडूच कोसळलं.

"आये, लाडू लय चांगले व्हते," गुणाजी म्हणाला. त्यामुळे त्या आणखीच रडल्या.

पण रडत बसायला वेळ नव्हता. रविवारी राजापूरजवळ मुलगी बघायला जायचं होतं. आधीची दोन स्थळं "मुलगा फार काटकुळा" म्हणून मोडली होती. आता कुठे गहू सोडल्यापासून गालावर जरा मांस दिसायला लागलं होतं. अशात आजाराचं नाव निघालं की हेही स्थळ गेलंच. गोदूबाईंनी नवऱ्याला आणि मुलाला देवासमोर उभं केलं.

"सुपारी फुटेपर्यंत कुणी तोंडातून चकार शब्द काढायचा नाय."

रविवारी एस.टी.नं तिघं मुलीच्या बापाच्या, सखारामच्या, घरी पोचले. त्याच्या बायकोची, हौसाबाईंची, लगबग चालली होती. थोड्या वेळानं मुलगी, मैना, खाली मान घालून आली आणि पाहुण्यांपुढे बश्या ठेवून गेली. बश्यांत तुपात थबथबलेला शिरा होता.

"पोरीनं सोता केलान हो," हौसाबाई गोदूबाईंच्या कानाशी म्हणाल्या.

शिरा म्हणजे रवा, हे गोदूबाईंना आता कळत होतं. त्या भागात तोंडानं नाही म्हणायची रीत नव्हती. मुलाची बशी रिकामी झाली की मुलगी पसंत. बशीत उरलं की निरोप पोचला. गुणाजीनं आईकडे पाहिलं. आईनं नवऱ्याकडे पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात भागोजीला एवढं तरी कळत होतं.

"सखारामभाऊ, तो आंबा कलमी की रायवळ?"

सगळ्यांनी माना वळवून आंबा बघितला. परत वळेपर्यंत गुणाजीची बशी लख्ख झाली होती आणि भागोजीचे गाल फुगलेले होते.

"अगो, आवडला की!" हौसाबाईंना कोण आनंद झाला, आणि त्यांनी गुणाजीची बशी पुन्हा भरली. भागोजीनं मग विहिरीची चौकशी केली. तिसऱ्या वेळी गाभण म्हशीची. स्वतःची बशी धरून त्यानं एकूण चार बश्या शिरा संपवला. दुपारच्या जेवणात पुऱ्या होत्या. गुणाजी भात मागत राहिला, हौसाबाई पुऱ्या वाढत राहिल्या आणि शेजारी बसलेला बाप त्या उचलत राहिला.

जेवणं आटोपून पानाचं तबक आलं तेव्हा भागोजी तांब्या घेऊन परसाकडे गेला होता. परत येऊन टेकतो न टेकतो तोच पुन्हा गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा सरळ ओटीवर आडवाच झाला.

"काय झाला वो ह्यांना?" सखाराम घाबरला.

"काय नाय. ह्यांना कार्यात आवरत नाय, हावरटपणा दुसरा काय!" गोदूबाई घाईघाईनं म्हणाल्या. "पोफळीला दिराच्या लग्नात ह्येच. बारशाला गेले तरी ह्येच." मुलाला वाचवायला नवरा पुढे करताना त्यांना जरा वाईट वाटलं, पण बोलल्या त्यात खोटं काहीच नव्हतं. आयुष्यभर त्या हेच म्हणत आल्या होत्या.

मैना वाडग्यातून तांदळाची पेज घेऊन आली. "मामा, कार्यातच व्हता काय असा?"

"व्हय बाय. लग्नात नि सणाला."

"रोज घरी पोट भरून जेवता ना?"

"ह्ये तर भात डोंगरासारखा खातात," गोदूबाई मध्येच म्हणाल्या.

"त्यानं दुखत नाय नि कार्यातच दुखता," मैना विचार करत म्हणाली, "मग हावरटपणा कसा? कार्यात दुसरा कायतरी पानात येत असेल."

गुणाजी ताडकन उठला. "पुऱ्या! शिरा! आये, डॉक्टर म्हणाले व्हते, ह्या दुखणा घराण्यात असता! बाबांना पण तपासायला हवा!"

गोदूबाईंनी डोळे मिटून घेतले. तिसरं स्थळ गेलं.

"कसला दुखणा?" सखारामनं विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. गुणाजीनं गव्हाचं सगळं सांगितलं, आणि आंबा, विहीर, म्हैस हेही सांगितलं.

"म्हणजे शिरा तुमी चाखलातच नाय?" हौसाबाईंनी डोळे विस्फारले.

"एक घास नाय. गहू सोडला की मी धडधाकट हाय. पण माझ्या घरात पोळी व्हायची नाय. कधीच."

"कधीच?" मैनानं पहिल्यांदाच मान वर केली. "सणाला पण?"

"सणाला पण."

मैनानं आईकडे पाहिलं आणि तिला हसू आवरेना. "आये, आता सांगतंय मी. शिरा नि पुऱ्या शेजारच्या काशीमावशीनं केलान. माका येत नाय. मुंबयचा स्थळ म्हणून आये महिनाभर माका पोळ्या शिकवताय, पण एक गोल व्हईल तर शपथ! तांदळाची घावनं मात्र म्हणाल तेवढी घालीन."

आणि ती तशीच चुलीपाशी गेली. घावनं आली, नारळाचा रस आला. सकाळपासून अर्धपोटी असलेल्या गुणाजीनं एकामागून एक नऊ घावनं खाल्ली. बशी रिकामी झाली तेव्हा कुणालाही आंब्याकडे बघावं लागलं नाही.

परतीच्या एस.टी.त गोदूबाईंनी दोनदा नवऱ्याकडे वळून पाहिलं. तीस वर्षं चारचौघांत आपण ज्याला हावरट म्हटलं तो माणूस शेजारी पोटाला उपरणं गुंडाळून बसला होता. आणि या तीस वर्षांत एकदाही त्यानं उलटून काही म्हटलं नव्हतं.

"अवो, अजून दुखताय काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"जरासा." भागोजीनं उपरणं जरा सैल केलं. "गोदू, नंतरच्या बश्या पोरासाठी खाल्ल्या. पण पयली लय चांगली झाली व्हती गो."

हावरट हा शब्द गोदूबाईंच्या अगदी ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला, आणि उठून नवऱ्याला खिडकीची जागा दिली.