बुटक्याचा विसावा

थकलेला माणूस ताजा करण्यात अख्ख्या गिप्सलँड परगण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. हे मी वर्षानुवर्षं सांगत आलो आहे आणि अजून कोणी समोरासमोर खोडून काढलेलं नाही. मिरानूक फुटबॉल क्लबाचा मी मालिशवाला, ग्लिन. दर शनिवारी वीस-बावीस जणांच्या पोटऱ्या माझ्या हाताखालून जातात. माणूस तोंडाने खोटं बोलेल, पोटरी बोलत नाही. अंगठा टेकवला की मला कळतं, गडी काल किती वाजता झोपला आणि त्याचं बायकोशी बोलणं चालू आहे की बंद.

ही गोष्ट सुरू होते तोवर माझ्या चौतीस वर्षांत मिरानूकने एकदाही अजिंक्यपद मिळवलं नव्हतं, हा भाग वेगळा. त्याला पोटऱ्या जबाबदार नव्हत्या.

त्या वर्षी मात्र आम्ही अंतिम सामन्यात पोचलो, आणि पोचलो ते बुटक्यामुळे. बुटक्याचं खरं नाव अँगस रेबोल्ड. उंची सहा फूट सात इंच, म्हणून आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्याचं नाव बुटक्या पडलं. आमच्या फुटबॉलात हातही चालतात; पंचाने चेंडू जमिनीवर आपटून आभाळात उडवला की दोन्हीकडचे दोन उंच गडी एकमेकांवर चढून तो आपल्या माणसांकडे ढकलतात. ते काम बुटक्या एकोणीस वर्षं करत होता. आता सदतिशीला आला होता. गुडघा असा वाजायचा, की प्रार्थनेला तो खाली टेकायला लागला की पुढच्या बाकावरच्या बायका वळून बघायच्या. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, हा शेवटचा हंगाम. म्हणजे पदक गळ्यात पडायचं तर आता, नाहीतर कधीच नाही.

अडचण एकच होती. शनिवारी व्हायचा तो आमचा उपांत्य सामना मैदानात तळं साचल्यामुळे रविवारी झाला, आणि अंतिम सामना पुढच्याच शनिवारी. मध्ये मोजून पाच दिवस. ज्यांच्याशी गाठ होती ते ग्लेन फॉसवाले आधीच जिंकून दोन आठवडे घरी पाय पसरून बसले होते.

आमचे प्रशिक्षक नेव्ह पास्को शाळेत गणित शिकवतात. त्यांनी फळ्यावर तक्ता काढला. "हे बघा. सामन्यानंतर दोन दिवस स्नायू रडतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रुसून बसतात. त्यानंतर कुठे ऐकायला लागतात. विसावा कमी पडला की शेवटच्या सत्रात पाय जड. तेव्हा शनिवारपर्यंत कोणी धावायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, जिनासुद्धा चढायचा नाही."

"आणि गाई?" बुटक्याने विचारलं.

तक्त्यात गाई नव्हत्या.

बुटक्याकडे दोनशे तीस गाई. सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे वसंत, सगळ्या नुकत्या व्यालेल्या, दुधाने तट्ट. पहाटे साडेचारला धार, दुपारी तीनला धार, वर्षाचे सगळे दिवस. बाप गेल्यापासून बुटक्याने एक दिवस सुट्टी घेतलेली नाही. लग्नाचा फोटो दाखवताना त्याची बायको लोरेन अजून पाहुण्यांना सांगते, "बुटांकडे बघू नका."

त्या रविवारी संध्याकाळी मी चॅपेलात गेलो. आमचे रेव्हरंड एमलिन हे वेल्श खाणकामगारांच्या घरातले. ते प्रवचन सुरू करतात साधं बोलत. मग आवाज चढायला लागतो, शब्दांना सूर फुटतो आणि बघता बघता प्रवचनाचं गाणं होऊन ते छताला भिडतं. आम्ही खाली बसलेले आपोआप खालचा सूर धरतो. पन्नास वर्षं ऐकतो आहे, अजून अंगावर काटा येतो. त्या संध्याकाळी विषय होता, देवाने सहा दिवस जग घडवलं आणि सातव्या दिवशी तो विसावला. "तो विसावला," असं रेव्हरंड तीनदा गायले. पहिल्यांदा हळू, दुसऱ्यांदा मोठ्याने आणि तिसऱ्यांदा असं, की चॅपेलभर कोणीतरी दुलई पसरल्यासारखं वाटलं. माझ्या शेजारी बसलेला डूगल, आमचा नळजोडारी आणि संघाचा सगळ्यात चपळ गडी, माझ्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपला. माझे डोळे भरून आले. ज्याने समुद्र आणि डोंगर केले त्याला विसावा, आणि बुटक्याला नाही?

बाहेर पडताच मी डूगलला कोपऱ्यात घेतलं. "बुटक्याला पाच दिवस गाईंपासून तोडायचा. माझ्या मागच्या खोलीत ठेवतो. धारा आपण काढू."

"आपण म्हणजे कोण?"

"तुम्ही. माझे हात मालिशसाठी राखायला हवेत."

"म्हाताऱ्या, मी नळ जोडतो. गाय कधी जोडली नाही."

"एका गाईला चारच असतात. त्यातून येणारं पाणी थोडं पांढरं, एवढाच फरक."

माझा हिशेब बिनचूक होता. पाच दिवस, दहा पाळ्या. लोरेनच्या मदतीला दर पाळीला दोघे, म्हणजे वीस जणांना एकेकदाच यायचं. एका पाळीने कोण थकतंय? नेव्हना सांगितलं नाही. तक्त्याबाहेरचं काही कानावर पडलं की त्यांचं पित्त खवळतं.

सोमवारी पहाटे दोघे गेले आणि गाईंनी पान्हा चोरला. यंत्राचे पेले लावले तरी थेंब येईना.

"त्यांना बुटक्याचा आवाज लागतो," लोरेन म्हणाली. "तो रोज त्यांना स्तोत्रं म्हणून दाखवतो."

"आधी का नाही सांगितलंस?" दोघांतल्या एकाने विचारलं.

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही फक्त तक्ता दाखवलात."

दोघांना एकच गाणं पाठ होतं, क्लबाचं विजयगीत. ते सुरू होताच पहिल्याच गाईने दोघांना लाथा घातल्या. ती बहुधा ग्लेन फॉसकडून आणलेली होती.

दुपारच्या पाळीला डूगल आठ जण घेऊन गेला, तीन खर्ज धरायला आणि बाकीचे वर न्यायला. गाई विरघळल्या. दूध यायला लागलं. फक्त स्तोत्राची चाल संथ, आणि दूध चालीच्या पुढे जायला तयार नाही, त्यामुळे दोनशे तीस गाईंना पाच तास लागले. मंगळवारी बारा जण झाले. रेव्हरंड एमलिनही येऊन गेले आणि म्हणाले, इतका एकाग्र श्रोतृवृंद मला चॅपेलात कधी मिळाला नाही. बुधवारी पहाटे तिसऱ्या कडव्याला सगळ्यांचे डोळे मिटले असताना कुंपणाचं फाटक उघडं राहिलं. अख्खा संघ रबरी बुटांत, चिखलात, टेकडीच्या चढणीवर दोनशे तीस गाईंच्या मागे दोन तास धावला.

आणि बुटक्या? बुटक्या माझ्या मागच्या खोलीत होता.

पहिल्या दिवशी सवयीने साडेचारला उठला आणि बूट शोधत घरभर फिरला. मी त्याला परत निजवला. मग एकोणीस वर्षांची झोप एकदम त्याच्या अंगावर आली. खाटेबाहेर लोंबणारे पाय मी स्टुलावर ठेवले होते. तो सोळा तास झोपायचा, उठून पाव आणि रश्शातलं मटण खायचा, व्हरांड्यात बसायचा, परत झोपायचा. तिसऱ्या दिवशी त्याच्या पोटरीला अंगठा लावला आणि मला वाटलं लोण्यात बुडतो आहे.

"ग्लिन," तो टेकडीकडे बघत म्हणाला, "ही सकाळ रोज अशी असते?"

"कशी?"

"अशी सोनेरी. मी दहा वाजताची सकाळ कधी निवांत पाहिलीच नव्हती रे."

त्याचं बोलणंही मंद झालं होतं. एक वाक्य बोलायचा, मग ते वाक्य धुक्यात दिसेनासं होईपर्यंत वाट बघायचा, मग दुसरं. मला धन्य वाटलं. हे माझ्या हातचं काम, असं मनात म्हणून मी त्याच्या अंगावर आणखी एक रग घातला.

गुरुवारी न धावता करायचा सराव होता. नेव्ह मैदानात आले तेव्हा सगळा संघ कुंपणाला टेकून ओळीने झोपलेला. नेव्हनी शिट्टी वाजवली. डूगलने डोळे न उघडता खर्ज धरला.

"या मुलांना झालंय काय?" नेव्हनी विचारलं.

मी आकाशाकडे पाहिलं. लोरेन दुपारच्या पाळीला माणसं न्यायला ट्रक घेऊन आली होती. तिने सगळं सांगितलं. नेव्हनी कुंपणाला टेकलेली डोकी मोजली.

"ग्लिन, म्हणजे एका माणसाला विसावा द्यायला तुम्ही एकवीस जणांना राबवलंत?"

"सरासरी काढली तर—"

"सरासरी मला शिकवू नका."

पण गाई काही नेव्हचं ऐकणार नव्हत्या. शुक्रवारच्या दोन्ही पाळ्या काढाव्याच लागल्या.

शनिवारचा सामना मला अजून स्वप्नासारखा दिसतो. मैदानाभोवती गाड्या नाक आत करून उभ्या, गोल झाला की वाजवायला भोंग्यांवर हात ठेवलेले. ऊन कोवळं. आमची मुलं पाण्याखाली चालल्यासारखी धावत होती. ग्लेन फॉसवाले त्यांच्या बाजूने निघून जायचे आणि ती सावकाश मान वळवून म्हणायची, कोण गेलं? एकटा बुटक्या हवेत तरंगत होता. उडी मारली की वरच राहायचा. पण भांडण त्याच्यातून पार गेलेलं. ग्लेन फॉसच्या गड्याला खाली पाडलं की हात देऊन उठवायचा आणि विचारायचा, "लागलं नाही ना रे? झोप नीट होते ना तुझी?" तो बिचारा इतका गोंधळला, की त्याच्या हातून चेंडू निसटायला लागला. बुटक्याने एकट्याने सामना ओढत आणला.

शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे. चेंडू उंच आला, बुटक्याने हवेतल्या हवेत झेलला आणि सामना संपल्याचा भोंगा झाला. झेललेल्या चेंडूला एक निवांत लाथ मारायची मुभा असते. समोर चार खांब. मधल्या दोघांतून गेला तर सहा गुण, मधल्या खांबाला लागला किंवा बाजूने गेला तर एकच. बुटक्या उभा राहिला. ढगांकडे पाहिलं, जरा हसला, आणि चेंडूला अशी हळुवार लाथ मारली, जणू त्याला झोपेतून उठवायचं नाहीये.

चेंडू खांबाला लागला. बरोबरी.

आमच्या लीगमध्ये अंतिम सामना बरोबरीत सुटला की पुढच्या शनिवारी पुन्हा खेळतात. मैदानभर बातमी पसरली, आणि आमची मुलं जिथे होती तिथेच गवतावर आडवी झाली.

त्याच संध्याकाळी नेव्हनी फळा पुसला आणि नवा तक्ता काढला. एका बाजूला बावीस नावं, त्यात बुटक्याचंही. समोर एकच शब्द, विसावा. दुसऱ्या बाजूला एकच नाव.

"माझे हात मालिशसाठी—" मी म्हणालो.

"हातांची मला काळजी नाही," नेव्ह म्हणाले. "गळा कसा आहे?"

पुढचे सात दिवस मी आणि लोरेन. मी सदुसष्ट वर्षांचा. पहाटे साडेचार आणि दुपारी तीन. खर्जही मीच, वरचा सूरही मीच. मंगळवारी आवाज बसला तेव्हा गाईंनी मान वळवून माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी परत पहिल्या कडव्यापासून सुरुवात केली. गुरुवारी मला मैदान, गोठा आणि चॅपेल यांतला फरक कळेनासा झाला. घरी गेलो की मागच्या खोलीतून बुटक्याच्या घोरण्याचा गोड आवाज यायचा, आणि मी दाराबाहेर जमिनीवर बसून तो नुसता ऐकायचो.

शनिवारी सामन्याआधी मी बावीस जणांच्या पोटऱ्या चोळल्या. शेवटची चोळताना ती कोणाची ते कळेना, बहुतेक माझीच होती. मुलं ताजी, टवटवीत, घोड्यांसारखी फुरफुरत बाहेर पडली. मी बाकावर बसलो. संत्र्याच्या फोडींची बादली मांडीवर घेतली. पंचाने चेंडू आपटून आभाळात उडवला, बुटक्या त्याच्यामागे वर गेला, वर गेला, गाड्यांच्या वर, झाडांच्या वर. मग खाली धुकं पसरलं आणि त्यात काळ्या-पांढऱ्या गाई बाकांवर ओळीने बसून खालचा सूर धरत होत्या. रेव्हरंड एमलिन गोलखांबांच्या मध्ये उभे राहून गुणसंख्या गाऊन सांगत होते. आम्ही एका गुणाने हरलो, असं ते तीनदा गायले. पहिल्यांदा हळू, दुसऱ्यांदा मोठ्याने, आणि तिसऱ्यांदा मला सहनच झालं नाही.

डोळे उघडले तेव्हा मी ढसाढसा रडत होतो. भोंगे वाजत होते. समोर बुटक्या गुडघे टेकून बसलेला, त्याचेही डोळे ओले. त्याचं ते भलंमोठं डोकं मी छातीशी धरलं. "रडू नकोस, बाळा. एका गुणाचं काय एवढं. तू चांगला खेळलास. गुडघ्याचं मी बघतो, पुढच्या वर्षी—"

"ग्लिन," बुटक्या माझ्या छातीतून म्हणाला, "आपण एकेचाळीस गुणांनी जिंकलो."

तेव्हा माझ्या हनुवटीला काहीतरी थंड लागलं. त्याच्या गळ्यातलं पदक होतं.

नेमका त्याच क्षणी कोणीतरी फोटो काढला. आता तो क्लबाच्या भिंतीवर आहे, खाली लिहिलं आहे, 'चौतीस वर्षांच्या प्रतीक्षेचे आनंदाश्रू'. नव्या पोरांना तो दाखवतात आणि ती माझ्याकडे येऊन विचारतात, "ग्लिन, त्या सामन्यातला सगळ्यात सुंदर क्षण कोणता?"

मी डोळे मिटतो, जरा थांबतो आणि म्हणतो, शब्दांत सांगता येणार नाही रे. आणि मंडळी, तुम्हाला म्हणून सांगतो, खरोखरच येणार नाही.