तीन नंबरच्या पेटीतल्या मायलेकी

मधमाश्यांची पेटी उघडण्याआधी शिट्टी वाजवणारा माणूस अख्ख्या दौंडात एकच, आणि तो नेमका माझा शेजारी. आप्पा रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झाले, पण त्यांचा गार्डपणा काही रिटायर झाला नाही. आधी शिट्टी, मग हिरवा झेंडा, मगच झाकण. मी एकदा म्हणालो, "आप्पा, माश्यांना कान नसतात."

"डब्यात झोपलेल्या पॅसेंजरला तरी कुठं ऐकू येतं, मास्तर? रूल म्हंजी रूल."

परसात चार पेट्या, चारींवर नंबर. राणीमाशीला ते 'बाईसाहेब' म्हणत आणि चक्क अहोजाहो करत. काकूंना मात्र उभ्या जन्मात 'अगं'च्या पुढं काही मिळालं नाही. राणी चटकन ओळखू यावी म्हणून ते तिच्या पाठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका देत. बाटली त्यांच्या मुलीची, वंदनाची. त्या बाटलीला ते कुणाला हात लावू देत नसत.

दोन वर्षांपूर्वी वंदना सासर कायमचं सोडून, बॅग घेऊन आली होती. चौथ्या दिवशी आप्पांनी तिला रूल ऐकवला, "एका सेक्शनात एकच गाडी. हे घर तुझ्या आईचं. तुझं घर तिकडं." भिंत सामाईक, त्यामुळं मलाही ऐकू आलं. ती सासरी गेली नाही. शिरूरला खोली घेऊन कंपनीत लागली. बाटली तेवढी इथं राहिली. मला आप्पांचा तेव्हा फार राग आला होता आणि तो पुरता गेलाही नव्हता.

परवा रविवारी तीन नंबरची पेटी उघडली. मी धूर देत होतो. आप्पांनी पोळ्याची एक चौकट वर उचलली आणि तशीच धरून उभे राहिले.

"मास्तर, जरा चष्मा पुसून बघा."

ठिपकेवाल्या बाईसाहेब अंडी घालत होत्या. त्यांच्यापासून चार बोटांवर दुसरी राणी, बिनठिपक्याची, तेच काम करत होती. भांडण नाही, तंटा नाही. बाकीच्या माश्या दोघींनाही भरवत होत्या.

"नवी ही जुनीचीच लेक," मी म्हणालो. म्हातारी राणी थकली की क्वचित अशा मायलेकी काही दिवस एकत्र नांदतात, हे मी वाचलं होतं. पण आप्पांना डिवचायची संधी कोण सोडतो? "एका सेक्शनात दोन गाड्या, आप्पा! आता कुठली काढायची?"

आप्पांनी दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं.

"कुठलीच न्हाई," ते म्हणाले आणि चौकट अलगद जागेवर ठेवली.

मग पायरीवर बसून त्यांनी फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"वंदे, आप्पा बोलतोय. बरा हाय मी. तीन नंबरात दोन बाईसाहेब निघाल्या. मायलेकी. न्हाई गं, भांडत न्हाईत. माझंच चुकलं हुतं." माझा सगळा राग तिथंच विरघळला. "नव्या बाईसाहेबांना ठिपका द्यायचाय आन् तुझी बाटली वाळलीया. नवी घिऊन ये."

आप्पा खाकरले.

"आन् येताना बॅग मोठी आण."