शेवटच्या नंबराचं बीळ

एका जंगलात सगुणा नावाची सशीण राहायची. कुठल्या जंगलात, ते विचारायचं नाही बाळांनो. गोष्ट हवी असेल तर गुमान बसायचं.

तिथल्या सशांची दरवर्षी पळण्याची शर्यत व्हायची. पहिल्याला काहीच मिळायचं नाही. शेवटच्याला मात्र वर्षभर कोल्ह्याच्या शेजारच्या बिळात राहावं लागायचं. सगुणा तिथे तीन वर्षं काढून बसली होती. कोल्हा रोज सकाळी दाराशी यायचा. "काय वहिनी, आज जेवायला काय?" म्हणायचा आणि हिच्याकडेच बघत राहायचा.

चौथं वर्ष आपण काढत नाही, हे सगुणाला पक्कं कळलं होतं.

मग तिने कुठल्याही सशिणीने करू नये ते केलं. जंगलाच्या कडेला एक बंगला होता. त्याच्या फाटकाला कारवानी जातीचा शिकारी कुत्रा बांधलेला असे. लांब तंगड्या, खपाटीला गेलेलं पोट, नाव सरदार. सगुणाने त्याची दोरी कुरतडली.

"चल रे, माझा पळण्याचा सराव घे."

"म्हणजे खेळायचं? खरंच, मावशी?" सरदार तिथेच गोल गोल नाचला. बिचाऱ्याला जन्मात कुणी फिरायला नेलं नव्हतं!

मग काय विचारता! सकाळी टेकडी, दुपारी नदीत डुंबणं, संध्याकाळी कवठ फेकायचं आणि झेलायचं. लपाछपीत तर त्याने झुडपाझुडपातून एकेक ससा असा हुडकून काढला की सगळ्यांची बोबडी वळली.

"सगुणे, हा आमचा वास घेतो!" म्हातारा गणोबा ससा किंचाळला.

"घेऊ दे की. तुम्ही आंघोळी करा."

पण सराव कसला! सरदार इतका मायाळू, की तिच्या शेजारून रमतगमत चालायचा. सगुणाचा वेग होता तिथेच राहिला.

शर्यतीचा दिवस उजाडला.

"मावशी, मीपण पळू?"

"पळ बाबा. तुझी तरी हौस फिटू दे."

पंच होतं साळिंदर, शिष्टाचाराला फार जपणारं. पाहुण्याला त्याच्या भाषेत मान द्यावा, म्हणून 'एक-दोन-तीन' सोडून ते ओरडलं, "छू!"

सरदारचे कान ताठ झाले. डोळेच बदलले.

आणि ससे सुटले! सगुणा तर कुणाच्या पाठीवरून, कुणाच्या पोटाखालून, पाय जमिनीला लागत होते की नाही देव जाणे! मागे सरदार. पण समोर चाळीस ससे. याला धरू की त्याला? तो डावीकडे झेपावला, उजवीकडे वळला, आपल्याच तंगड्यांत अडकून तीन कोलांट्या खाऊन करवंदीत जाऊन बसला.

चाळीसच्या चाळीस ससे पोचले. मग जीभ लोंबवत सरदार आला. अंगात आलेलं 'छू' तोवर उतरलं होतं.

"मज्जा आली! परत खेळू या?"

"एकेचाळिसावा," साळिंदर म्हणालं. "नियम म्हणजे नियम. कोल्ह्याशेजारचं बीळ तुझं."

सरदार शेपटी हलवत नव्या घरी निघाला. शेजारी कोण येतंय ते कोल्ह्याने दारातून पाहिलं, आणि बायको-पोरांसकट तो जो जंगलाबाहेर पळाला, तो शर्यतीत असता तर पहिला आला असता.

तात्पर्य: मेहनत केली की पुढे जाता येतं, असं थोर माणसं सांगतात. त्यांच्या मागे कधी कुत्रा लागलेला नसतो. त्यांच्यासमोर मान डोलवावी, आणि घरी येऊन कुत्रा शोधावा.